कुऱ्हाड कोणाच्या हातात?

जंगल कोणाचे, या प्रश्नावर आपल्याकडे वाद पेटला की दोन ठरलेल्या फळ्या समोरासमोर येतात. एक म्हणते, गावाच्या ताब्यात डोंगर द्या आणि दहा वर्षांनी बुंधे मोजायला या. दुसरी म्हणते, रानातला माणूस मुळातच निसर्गाचे लेकरू, त्याच्या हाती झाड सुखरूप. पहिलीला गावकरी चोर वाटतो, दुसरीला संत. ज्याला घरावर पत्रे घालायचे आहेत, पोरीची फी भरायची आहे आणि तरीही उन्हाळ्यात झरा आटू नये असे वाटते, त्या साध्या माणसाविषयी दोघीही बोलत नाहीत. सामूहिक वनहक्कांच्या चर्चेत मेक्सिकोचा दाखला अधूनमधून येतो, तोही असाच एका वाक्यात: तिथली निम्म्याहून अधिक जंगले गावांच्या सामाईक मालकीची आहेत. एक बाजू टाळी वाजवते, दुसरी तिथल्या गुन्हेगारी टोळ्यांची आठवण करून देते आणि चर्चा पुढे सरकते.

हा दाखला एका वाक्यात उरकण्यासारखा नाही. दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, राजधानीपासून ईशान्येला साधारण सत्तर किलोमीटरवर, सिएरा नोर्ते या डोंगररांगेच्या उतारावर कापुलाल्पाम दे मेंदेझ नावाचे झापोतेक लोकांचे गाव आहे. उंची दोन हजार मीटरच्या आसपास, वस्ती दीड हजाराची. पिवळसर दगडाचे जुने चर्च, लाल कौले, उतरत्या गल्ल्या आणि घरांच्या पाठीमागून थेट वर चढत गेलेले पाइन-ओकचे रान. पर्यटकांना ते चित्रासारखे दिसते आणि सरकारने त्याला 'जादुई गाव' असा किताबही देऊन टाकला आहे. माझे म्हणणे असे की या रानात जादू काही नाही. गावाने त्याला हात लावला नाही म्हणून ते उभे आहे, हेही खरे नाही. ते तोडायचे का, किती तोडायचे आणि आलेला पैसा कुठे घालायचा हे ठरवण्याचा हक्क गावाने झगडून मिळवला, आणि त्या हक्काची जबर किंमत ते आजही भरते आहे, म्हणून ते उभे आहे. या किमतीबद्दल दोन्ही फळ्या गप्प असतात.

आधी, गावाच्या हाती कुऱ्हाड नव्हती तेव्हा काय होत होते ते पाहू. १९५६ साली मेक्सिको सरकारने सिएरा नोर्तेमधली सुमारे अडीच लाख हेक्टर जंगले पंचवीस वर्षांच्या कराराने तुश्तेपेकच्या कागद कारखान्याला बहाल केली. 'फापातुश' हे त्या कारखान्याचे नाव डोंगरात आजही रागानेच घेतले जाते. कागदोपत्री जमीन गावांचीच होती. पण लाकूड विकायचे तर याच कंपनीला, आणि तिच्याच भावाने. झाडांच्या मोबदल्याचा मोठा हिस्सा गावाला हातात मिळतच नसे; तो राजधानीतल्या सरकारी खात्यात जमा होई आणि शाळेचे छप्पर बदलायचे म्हटले तरी तो काढायला अर्ज करावा लागे. पुढे कारखाना सरकारच्या मालकीचा झाला तरी व्यवहार तोच राहिला. खासगी मालक वाईट की सरकारी, या आपल्या आवडत्या वादाला तिथे उत्तर मिळते: डोंगरातल्या माणसाला दोन्ही सारखेच पडले.

त्यात रानाचे काय झाले, हा भाग फार कमी सांगितला जातो. कंपनी शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडक तोड करायची. ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात निवडली जायची ती सरळ, जाड, निरोगी झाडे, आणि उभी राहायची ती वाकडी, रोगट, खुरटी. म्हणजे पुढच्या पिढीचे बी कोणाचे? जे नको होते त्यांचे. शिवाय पाइनच्या रोपाला ऊन लागते. एकेक झाड काढून वरचे छत तसेच ठेवले की खाली सावलीत ओक वाढतो, पाइन उगवत नाही. पुढे गावांनी स्वतःचे वनतज्ज्ञ नेमले तेव्हा त्यांनी काही भागांत उलटी पद्धत धरली: छोट्या पट्ट्यात सगळी झाडे काढायची, ऊन जमिनीवर पडू द्यायचे, चांगली बीजवृक्षे राखायची आणि मग त्या पट्ट्याला कित्येक वर्षे हात लावायचा नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला असा उघडा पट्टा दिसला तर तो हळहळेल, फोटो काढून चार शब्द लिहीलही. पण दहा वर्षांनी तिथे डोक्याइतकी पाइनची दाटी असते, आणि शेजारी न तोडलेल्या, पण सावलीत कोंडलेल्या रानात एकही रोप नसते. झाड न तोडणे म्हणजे जंगल राखणे, हे समीकरण शहरातून पाहणाऱ्याला सोपे वाटते; तिथल्या वनरक्षकाला ते पटणार नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस सिएरातल्या दहा-पंधरा गावांनी एकत्र येऊन कंपनीला लाकूड देणेच बंद केले. बहिष्कार काही वर्षे चालला. १९६८ साली, म्हणजे जवळपास याच काळात, अमेरिकेत गॅरेट हार्डिन नावाच्या जीवशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध लेख छापून आला: सामाईक कुरणावर प्रत्येक जण आपली एक गाय जास्त सोडतो आणि शेवटी कुरणच संपते. त्या लेखाने दोन पिढ्यांच्या अर्थशास्त्र्यांची आणि वनाधिकाऱ्यांची बुद्धी व्यापून टाकली. हार्डिनचे कुरण मात्र कागदावरचे होते. त्यात गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, दंड करत नाहीत, सभा घेत नाहीत. ज्या कुरणाला मालक नाही आणि ज्याला गावभर मालक आहे, त्यांतला फरक त्याने पुसला. एलिनॉर ऑस्ट्रॉमने जगभरची पाटपाण्याची, माशांची, कुरणांची, जंगलांची उदाहरणे तपासून हा फरक परत दाखवला, आणि २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. पण तोवर बरेच डोंगर हार्डिनच्या तर्काने कोणा ना कोणाला देऊन झाले होते.

१९८० मध्ये, करार संपायला एक वर्ष उरले असताना, सरकार तो पुन्हा वाढवून देणार अशी चिन्हे दिसू लागली. कापुलाल्पाम, इश्तलान, ग्वेलाताओ आणि आजूबाजूच्या गावांनी संघटना बांधली, बुलेटिने काढली, रेडिओवर बोलले आणि शेवटी न्यायालयात दाद मागितली. नवे करार रद्द झाले आणि १९८६ च्या वनकायद्याने अशा कंपनी-सवलतींची पद्धतच मोडीत काढली. त्यानंतर कापुलाल्पामने ला त्रिनिदाद, शियाकुई आणि कोमाल्तेपेक या शेजारी गावांबरोबर झापोतेक-चिनान्तेक गावांचा संघ काढला. स्वतःचे वनतज्ज्ञ, स्वतःचा आराखडा, आणि १९९६ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय वनप्रमाणपत्र. गावाच्या मालकीची आरा गिरणी आली, पाण्याच्या बाटल्या भरण्याचा कारखाना आला, खडी फोडण्याचे यंत्र, लाकडी खेळण्यांची कार्यशाळा, पर्यटकांसाठी रानातल्या झोपड्या. शेजारच्या इश्तलानकडे तर एकोणीस हजार हेक्टरांच्या आसपास जमीन आहे. तिथल्या सामाईक कंपनीच्या फर्निचर कारखान्यातून शाळांची बाके बाहेर पडतात. नफ्याचा काही भाग परत रानात, काही गावाच्या कामात, काही म्हाताऱ्यांच्या मदतीसाठी. अशी यादी वाचली की आपल्याकडचा उत्साही कार्यकर्ता लगेच स्लाइड बनवायला घेतो. त्याला जरा थांबवायला हवे.

कारण विरोधी बाजूकडे जोरदार मुद्दे आहेत, आणि त्यांतला सर्वांत जोरदार आपल्या चर्चेत कोणी मांडतच नाही. सिएरातले रान वाढले आहे हे खरे. पण वाढले त्याचे एक कारण असे की माणसे निघून गेली. उतारावरची मक्याची शेते पडीक टाकून तरुण पोरे ओआहाका शहरात, मेक्सिको शहरात, लॉस एंजेलिसमध्ये गेली आणि त्या पडीक शेतांवर झाडे परत आली. तेव्हा हे यश सामाईक मालकीचे, की डोंगर रिकामा होण्याचे? १९९४ च्या मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका मेक्सिकोत लोटत आला, डोंगरातल्या शेतीत राहण्यासारखे काही उरले नाही, आणि जंगलाच्या आकडेवारीत ते हिरव्या रंगात दिसले. हा आक्षेप खोटा नाही. पण तो अर्धाच आहे. पडीक शेतावर रान येते हे खरे, तसेच पडीक शेतावर खाणही येते, अफूही येते, बाहेरचा बागायतदारही येतो. रिकाम्या डोंगराचे काय होते ते तो कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते. आणि जिथे गिरणी, बाटल्यांचा कारखाना, पर्यटन यांतून थोडाफार पगार मिळाला, तिथे निदान काही पोरांना राहण्याचे कारण उरले.

दुसरा आक्षेप: सामाईक मालकी असूनही जंगले गेलीच ना? गेली. मिचोआकान राज्यातले चेरान हे पुरेपेचा लोकांचे मोठे गाव याचा पुरावा आहे. तिथेही जमीन गावाचीच होती. तरी २००८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत सशस्त्र टोळ्यांनी हजारो हेक्टर रान भुईसपाट केले. दिवसाढवळ्या लाकडाने भरलेले ट्रक गावातून जात आणि पालिकेचे पोलीस बघत राहत. १५ एप्रिल २०११ च्या पहाटे, तोड झऱ्याजवळ येऊन पोचली तेव्हा, गावातल्या बायकांनी दगड आणि फटाके घेऊन ट्रक अडवले. मग गल्लीगल्लीच्या तोंडाशी शेकोट्या पेटल्या, राजकीय पक्षांना बाहेरची वाट दाखवली गेली, पोलिसांच्या बंदुका गावाने ताब्यात घेतल्या आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निवडणूक न्यायालयाने गावाला आपल्या रीतीने कारभारी निवडण्याचा हक्क मान्य केला. पुढे त्यांनी मोठी रोपवाटिका उभारली. यातून काय निघते? कागदावरची सामाईक मालकी जंगल राखत नाही, हे निघते. चेरानमध्ये मालकी होती, पण निर्णय पक्षांच्या आणि टोळ्यांच्या हाती गेला होता. मालकी आणि निर्णय पुन्हा एका जागी आल्यावर रान सावरू लागले. मला यात माझ्या मुद्द्याचे खंडन दिसत नाही. उलट तो इथे अधिक रक्तबंबाळ होऊन समोर येतो.

तिसरा आक्षेप बायकांचा आहे, आणि त्यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. ओआहाकातल्या ५७० पालिकांपैकी चारशेहून अधिक ठिकाणी कारभारी पक्षांच्या चिन्हावर निवडले जात नाहीत, गावच्या रीतीने निवडले जातात. १९९५ पासून कायद्यानेही ते मान्य आहे. २००७ साली सांता मारिया किएगोलानी गावात युफ्रोसिना क्रूझ या तरुणीने निवडणूक लढवली. तिला पडलेली मते रद्द करण्यात आली, कारण ती बाई होती. गावची रीत म्हणे तशी होती. क्रूझ गप्प बसली नाही; राज्याचा कायदा बदलला आणि पुढे ती त्याच राज्याच्या विधिमंडळाची अध्यक्षही झाली. अनेक गावांत जंगलाच्या सभेत मत देण्याचा हक्क घरातल्या एका माणसाला असतो आणि ते माणूस बहुतेक वेळा बाप्याच असते. बाहेरून येऊन वसलेल्या कुटुंबांना तर तोही नाही. म्हणजे 'गावाने ठरवले' असे आपण कौतुकाने म्हणतो तेव्हा अर्ध्या गावाने ठरवलेले असते. यावर कोणी म्हणेल, मग गावाकडून हक्क काढून घ्या. काढून कोणाला द्यायचा? फापातुशच्या कचेरीत किती झापोतेक बायका होत्या? क्रूझने दाखवलेली वाट अशी की सभा मोडायची नाही, सभेचे दार फोडायचे. तिला हे वर्षानुवर्षे, गावचा रोष झेलत करावे लागले, हा मात्र गावच्या रीतीवरचा डाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

इथे एक ऐतिहासिक गंमत सांगितली पाहिजे, कारण सामाईक जमिनीवरचा सगळ्यात जुना आणि सुसंस्कृत हल्ला याच डोंगरातून आलेल्या माणसांनी केला. कापुलाल्पामच्या नावातला 'मेंदेझ' हा मिगेल मेंदेझ, एकोणिसाव्या शतकातला इथलाच उदारमतवादी. आणि हाकेच्या अंतरावरच्या ग्वेलाताओत १८०६ साली जन्मलेला झापोतेक पोर बेनितो हुआरेझ पुढे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष झाला. हुआरेझच्या पक्षाने १८५६ साली लेर्दो कायदा आणला. चर्चच्या अफाट जमिनी मोकळ्या करायच्या, हा त्याचा एक हेतू; पण त्याच कायद्याने गावांच्या सामाईक जमिनीही वाटून खासगी करायच्या होत्या. विचार उदात्त होता: प्रत्येक शेतकरी स्वतंत्र मालक होईल, नागरिक होईल. प्रत्यक्षात काय झाले? ज्याच्याकडे पैसा आणि वकील होता त्याने कागद करून घेतले. पोर्फिरिओ दियाझच्या तीसेक वर्षांच्या राजवटीत (हा दियाझही तरुणपणी इश्तलानचा कारभार पाहून गेला होता, डोंगर असा योगायोगांनी भरलेला आहे) जमिनी मोठ्या जमीनदारांकडे आणि सर्वेक्षण कंपन्यांकडे गेल्या. मोरेलोस राज्यात शेतकऱ्यांचा पुढारी झापाता उठला तो याच जमिनींसाठी. गावांचा जमिनीवरचा हक्क मान्य करणारे १९१७ च्या घटनेचे सत्ताविसावे कलम त्या उठावाचे फळ, आणि राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनासने १९३४ ते १९४० मध्ये सुमारे एक कोटी ऐंशी लाख हेक्टर जमीन गावांना दिली. सिएरा नोर्तेची गावे या साऱ्यात बरीचशी शाबूत राहिली, याचे एक कारण त्यांनी उदारमतवाद्यांसाठी बंदुका उचलल्या होत्या आणि आपली रानेही त्याच बळावर राखली. १९९२ मध्ये सालिनास सरकारने सत्ताविसावे कलम बदलून गावजमिनी विकायची वाट मोकळी केली, तेव्हाही सामाईक रानाचे तुकडे पाडता येणार नाहीत ही अट राहिली. दीडशे वर्षांत 'वाटून टाका म्हणजे प्रगती होईल' हा प्रयोग पुरेसा करून पाहिला गेला आहे.

दुसरी आठवण आपल्या घरची. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतून जगभर फिरत १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याचा रानटी पूर्वज असलेल्या तेओसिंतेशी मक्याचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनी केले, आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. शास्त्र शेतकऱ्याकडे गेले पाहिजे आणि तो ते चालवू शकतो, हे त्यांचे गृहीतच होते. चित्रकार दिएगो रिवेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना बसवले आहे. गावकऱ्याला शास्त्र कळत नाही म्हणून निर्णय तज्ज्ञांनी घ्यावा, असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने एकदा खानखोज्यांकडे पाहावे.

आणि मग त्याच मक्याकडे. सिएराच्या उतारावरचे शेत आपल्याला आधी शेत वाटतच नाही. टोकदार काठीने भोक पाडायचे, त्यात मक्याचे चारपाच दाणे टाकायचे. मका कंबरेपर्यंत आला की घेवडा त्याच्यावर चढतो, खाली भोपळा पसरून तण दाबतो आणि जमिनीचा ओलावा धरतो. घेवड्याच्या मुळांतून नत्र मिळते, मक्याचे खोड मांडवाचे काम करते. याला मिल्पा म्हणतात. पांढरा, पिवळा, निळा, लालसर, घरोघरचे बियाणे वेगळे. मेक्सिकोत मक्याच्या साठच्या आसपास देशी जाती नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक ओआहाकात सापडतात. हा मका बाजारात फारसा जात नाही. तो चुनकळीच्या पाण्यात उकळून, रात्रभर भिजवून, सकाळी दळून तव्यावर जातो. २००१ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड क्विस्ट आणि इग्नासिओ चापेला यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लिहिले की याच सिएराच्या देशी मक्यात जनुकबदल केलेल्या मक्याचे अंश सापडले, आणि तेही लागवडीवर १९९८ पासून बंदी असताना. संशय होता सरकारी स्वस्त धान्य दुकानांतून आलेल्या आयात मक्यावर. कोणीतरी खाण्याचा दाणा पेरून पाहिला असणार. शेतकरी ते करतोच. जगभर गदारोळ झाला, 'नेचर'ने पुढच्या वर्षी लेख छापायला पुरेसा पुरावा नव्हता असे म्हटले, नंतरच्या तपासण्यांत कुठे अंश सापडले, कुठे नाहीत. त्या वादात चापेलाची बाजू पूर्ण बरोबर होती असे मी म्हणणार नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. चापेला आधीपासून या गावांच्या वनसंघाबरोबर काम करत होता आणि गावांच्या संघाकडे स्वतःची छोटी प्रयोगशाळा होती. आपल्या शेतात काय शिरले हे तपासण्याची साधने डोंगरातल्या गावांनी जमवली होती. आपल्या किती ग्रामपंचायतींकडे मातीचा नमुना तपासायची सोय आहे? मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट घटनेत घातली. ती घालताना देशी मक्याचा जो कैवार घेतला गेला, तो पहिल्यांदा मोठ्याने घेणाऱ्यांत सिएराची माणसे होती.

आता खाण. कापुलाल्पामच्या शेजारी नातिविदाद नावाचे छोटे गाव आहे, सोन्याचांदीच्या खाणीवर वसलेले. खाण दोनशेहून अधिक वर्षे जुनी. कापुलाल्पामचे लोक सांगतात, बोगद्यांमुळे त्यांचे तेरा झरे आटले आणि गाळ नदीत उतरला. २००७ मध्ये त्यांनी महामार्ग रोखला, पुढे न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये निकाल मिळाला की गावाला न विचारता दिलेले खाणपरवाने टिकत नाहीत. विरोधकांचा मुद्दा इथेही ऐकावा: नातिविदादच्या खाणकामगाराचे काय? त्याच्याकडे रान नाही, गिरणी नाही, पर्यटक नाहीत. शेजाऱ्याच्या झऱ्यासाठी त्याने पोट बांधायचे का? हा खरा प्रश्न आहे, आणि 'खाण वाईट' एवढ्या घोषणेने तो सुटत नाही. पण कायद्याची मांडणी बघा: मेक्सिकोत जमीन गावाची, तिच्या पोटातले खनिज राष्ट्राचे. १९९२ च्या खाणकायद्याने तर जमिनीच्या इतर सगळ्या वापरांपेक्षा खाणीला अग्रक्रम दिला होता; तो काढायला २०२३ उजाडले. गावाचा हक्क मुळांपर्यंत जातो आणि मुळांच्या खाली संपतो, हे झऱ्याला माहीत नसते; तो दोन्हीकडून वाहतो. अशा स्थितीत गावाकडे नकार देण्याचा अधिकार नसेल तर दोन गावांमध्ये बोलणीच होणार नाहीत, कारण बोलायला बसण्याची गरज कंपनीलाही नाही आणि राजधानीलाही नाही. नकाराचा अधिकार असला तरच नुकसानभरपाई, पाणी, पर्यायी काम यांवर सौदा होतो.

किंमत काय, ते आता सांगतो. पहाटे गावच्या भोंग्यावरून पुकारा होतो: आज तेकियो. म्हणजे सामाईक श्रमदान, पण 'श्रमदान' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुढाऱ्याचा फोटो आणि एक घमेले येते, तसे हे नाही. प्रत्येक घरातून माणूस यायचाच. कोयता, फावडे घेऊन रस्त्याकडेची गटारे उपसायची, जाळपट्टे साफ करायचे, रोपे लावायची, पाण्याची पाइपलाइन दुरुस्त करायची. हजेरी घेतली जाते. न आलेल्याला दंड, किंवा त्याने पैसे देऊन बदली माणूस पाठवायचा. त्याशिवाय पदे. अठराव्या-विसाव्या वर्षी निरोप्या आणि रात्रीच्या पहारेकऱ्याचे काम, मग पाण्याची समिती, शाळेची समिती, चर्चच्या उत्सवाची, जंगलाची, आणि शेवटी गावचा प्रमुख. एकेक पद वर्षभराचे किंवा अधिक, आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. त्या वर्षात तुमचे शेत, दुकान, नोकरी सारे खोळंबते. लॉस एंजेलिसमध्ये भांडी घासणाऱ्या पोरालाही गावाकडून निरोप जातो: तुझी पाळी आली, परत ये, नाहीतर पैसे भर, नाहीतर गावावरचा हक्क सोड. जंगलाची मालकी अशी विकत घेतली जाते, आयुष्यातल्या वर्षांनी.

आपल्याकडे सामूहिक वनहक्काचा आग्रह धरणारे या बाजूबद्दल बोलत नाहीत, आणि विरोध करणाऱ्यांना ती माहीतच नसते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना हाती पडायला २०११ उजाडले. म्हणजे कागद गावाचा आणि शिक्का खात्याचा, फापातुशच्या काळातल्या बँक खात्यासारखेच. रायगडातल्या चिरनेरला १९३० साली जंगल सत्याग्रहात माणसे गोळ्या खाऊन पडली ती झाडे पूजायला गेलेली नव्हती. लाकूड आणि चारा घेण्याचा आपला हक्क बजावायला गेली होती. हक्काचा इतिहास आपल्याकडेही आहे. पण हक्क मिळाल्यावर दर आठवड्याला सभेला कोण बसणार, हिशेब कोण लिहिणार, आग लागली तर रात्री तीनला कोण धावणार, आणि हे बिनपगारी किती वर्षे, यावर आपल्या जाहीरनाम्यांत ओळही नसते.

सिएरात आज हाच प्रश्न सभांमध्ये रंगतो आहे, कारण पदांच्या यादीला नावेच पुरेनाशी झाली आहेत. तीन पोरांपैकी दोन उत्तरेला, तिसरे ओआहाका शहरातल्या कॉलेजात. काही गावांनी पदांची मुदत कमी केली, काहींनी परदेशस्थांकडून पैसे घेऊन गावातल्याला पगारी नेमायला सुरुवात केली, काहींनी विधवांना आणि एकट्या बायकांना पदे दिली, म्हणजे क्रूझला नाकारले तेच गरजेपोटी हळूहळू मान्य केले. जुन्या पिढीला पगाराची कल्पना सहन होत नाही. पगार आला की सेवा संपली आणि नोकरशाही आली, असे त्यांना वाटते. मी या बाबतीत त्यांच्या बाजूचा नाही. ज्याची गिरणी लाकूड विकून नफा कमावते, त्या गावाने जंगल समितीच्या माणसाला वर्षभर उपाशी ठेवण्यात पावित्र्य काय आहे? त्या बिनपगारी वर्षाचा भार श्रीमंताला पेलतो, गरिबाला कर्जात लोटतो आणि तरुणाला सीमेपलीकडे. सभा हवी, दंड हवा, हिशेबाचे जाहीर वाचन हवे. पण समितीच्या कामाला पगार द्यावा, तो गिरणीच्या नफ्यातून द्यावा, आणि यादीत बायकांची नावे घालावीत, तीही विधवा होण्याची वाट न पाहता.